गिटार विकताना सेटअप करून द्या, पोरं वाजवणं सोडतायत

मा. संपादक, सप्रेम नमस्कार

दहावी-बारावीचे निकाल लागले की गिटारच्या दुकानांत गर्दी होते आणि दिवाळीपर्यंत त्यातल्या कितीतरी गिटारी कपाटावर जाऊन बसतात, आमच्याकडेही तेच होणार होतं म्हणून हे पत्र लिहितेय. मागच्या जूनमध्ये लेकीला इलेक्ट्रिक गिटार घेतली, 14 हजारांची, वर छोटा अ‍ॅम्प. दुकानदाराने खोक्यातून काढली, ट्यून केली, बॅगेत घालून हातात दिली, झालं. ऑगस्टपर्यंत तिच्या बोटांवर तारांचे वळ उठलेले, पहिल्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एफ कॉर्ड, म्हणजे तारा एकत्र दाबून वाजवायचा स्वरमेळ, काही केल्या वाजेना, क्लासमध्ये सांगायचे की अजून जोरात दाब, होईल सवय. रोज अर्धा तास बसायची बिचारी, आणि एक दिवस म्हणाली, आई माझ्या हातात ताकदच नाहीये गं, मला नाही जमणार. पंधरा वर्षांची मुलगी असं बोलली ना की पोटात तुटतं.

मग ओळखीतल्या एका मुलाने विचारलं, काकू सेटअप केलाय का गिटारचा? मला शब्दच माहीत नव्हता, तारांची उंची, दांडा, सूर सगळं नीट जुळवून देणं म्हणजे सेटअप. त्याने ठाण्यात गिटार दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे पाठवलं आणि मी दोन तास त्यांच्यासमोर स्टुलावर बसून सगळं बघितलं.

त्यांनी आधी बाराव्या फ्रेटवर स्टीलची छोटी पट्टी उभी धरली आणि मला वाकून बघायला सांगितलं. फ्रेटपासून तार जवळपास 4 मिलीमीटर वर! याला अ‍ॅक्शन म्हणतात, इलेक्ट्रिक गिटारला साधारण बारीक तारेखाली दीड आणि जाड तारेखाली दोन मिलीमीटर पुष्कळ होतं. म्हणजे माझी मुलगी दोन महिने दुप्पट उंचीवरून तार दाबत होती. मग लक्षात आलं की नुसती तार उंच नाही, नेकच, म्हणजे गिटारचा लांब दांडाच, पुढे वाकलीय. सहा तारांचा मिळून ताण जवळपास 40 किलोचा असतो, तो नेकला सतत पुढे ओढतो, म्हणून नेकच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड, ती आवळली की नेक मागे येते. ही काही नवीन गोष्ट नाही बरं का, गिब्सनच्या कारखान्यातल्या माणसाने 1920च्या दशकात तिचं पेटंट घेतलंय. काकांनी अ‍ॅलन की, ती षटकोनी चावी, घालून पाव फेरा फिरवला, परत ट्यून केली, परत बघितलं, मग अजून थोडी. पहिला फ्रेट आणि शेवटचा फ्रेट दाबून मधे सातव्या-आठव्यापाशी व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट राहिली तेव्हा थांबले. हे घरी जोर लावून करू नका, चुकीच्या मापाची चावी घातली की सळईच्या टोकाचा नट गोल होतो आणि मग भलताच खर्च.

पण खरा गुन्हेगार निघाला वरचा नट, म्हणजे खुंट्यांच्या बाजूची ती पांढरी पट्टी जिच्या खाचांतून तारा जातात. खाचा खोलच नव्हत्या. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबली की पहिल्या फ्रेटवर केसभर फट दिसायला पाहिजे, हिच्यात चांगली ढळढळीत दिसत होती, आणि एफ कॉर्ड नेमका तिथेच पकडायचा असतो! बारीक कानशीने एकेक खाच घासताना काका दोन घासण्यांमधे तार बसवून बघत होते, कारण जास्त खोल गेली की मोकळी तार फ्रेटला लागून झणझणते, मग नटच बदलावा लागतो. शेवटी इंटोनेशन, म्हणजे दाबलेले स्वर सुरात येतात का ते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर ट्यूनरवर (सूर दाखवणाऱ्या यंत्रावर) सारखा यायला हवा, दाबलेला चढा येत असेल तर ब्रिजवरचा, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाच्या आधारावरचा, त्या तारेचा सॅडल (तार टेकते तो छोटा तुकडा) मागे घ्यायचा, उतरा असेल तर पुढे. मी गाणं शिकलेली, तरी इतके दिवस मला वाटायचं पोरगी बेसूर वाजवतेय. गिटारच बेसूर होती.

सगळ्याचे 900 रुपये झाले, नवीन तारांचे वेगळे. घरी येऊन तिने एफ कॉर्ड धरला आणि सहाच्या सहा तारा वाजल्या, ती नुसती माझ्याकडे बघत राहिली.

मला राग कशाचा आलाय सांगते. माझा तानपुरा मिरजेचा आहे. तिथे ज्यांनी करून दिला त्यांनी माझ्यासमोर घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासून जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा नाद, काढली, तारेखाली सुताचा दोरा सरकवून आवाज खुलेपर्यंत कान लावून बसले होते, त्याशिवाय वाद्य हातात देणं त्यांच्या मनातही आलं नसतं. मिरजेच्या सितार-तानपुऱ्याला 2024 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते उगाच नाही मिळालं. तार आणि घोडी यांच्यातल्या केसभर अंतरावर सगळा आवाज ठरतो हे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या माहितीये, मग गिटार विकतानाच आपण खोकं फोडलं की काम झालं असं का धरतो? कारखान्यातून निघून गोदामात महिनोन् महिने पडलेलं लाकूड आहे ते, हलणारच.

म्हणून दुकानदारांना हात जोडून विनंती आहे, सेटअप करूनच विका, पैसे वेगळे लावा पण बिलावर लिहा. आम्ही देऊ की. आणि क्लासवाल्या सरांनी नवीन मुलाची गिटार पहिल्याच दिवशी स्वतः वाजवून बघावी, दोन मिनिटांचं काम आहे, बोट दुखतंय म्हणणाऱ्या मुलाला आळशी समजू नये.

आपल्याकडच्या हवेचं पण सांगायला हवं. पावसाळ्यात लाकूड पाणी धरतं, नेक हलते, तारांची उंची बदलते, आणि कोरड्या दिवसांत फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची फ्रेट बसवलेली लाकडी पट्टी, आकसून फ्रेटची टोकं बाहेर येतात, हाताला ओरखडे काढतात. तेव्हा एकदा सेटअप केला की जन्माचं झालं असं नसतं, वर्षातून एक-दोनदा दाखवावी लागते. व्हॉल्यूमचं बटण खरखरलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरने (विजेचे भाग साफ करायच्या फवाऱ्याने) बहुतेक वेळा सुटतं, आणि वायर लावायचा जॅक गरागरा फिरत असेल तर त्याचा नट लगेच आवळून घ्या, नाहीतर आतली वायर पिळून तुटते आणि लोक म्हणतात गिटार बंद पडली.

ज्यांच्या घरी कपाटावर इलेक्ट्रिक गिटार आहे त्यांनी आज खाली काढा, आधी ट्यून करा, मग बाराव्या फ्रेटवर शाळेची पट्टी धरा. पट्टीचा शून्य टोकापासून थोडा आत असतो तेवढं अंतर मिळवायला विसरू नका. तीन मिलीमीटरच्या वर आलं तर पोराला काही बोलायच्या आधी गिटार दुरुस्तीला न्या.

आपली,
एक आई, डोंबिवली