नियम १२(४) दाखवणाऱ्या झेरॉक्सवाल्या काकांना

काका, नमस्कार.

तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ते झेरॉक्स काढायला. पिशवीत वनहक्क समितीचा, म्हणजे जंगलावरच्या हक्काचे दावे तयार करायला ग्रामसभेने निवडलेल्या समितीचा, शिक्का होता आणि डोक्यात राग. त्या दिवशी आभार मानायचे राहून गेले, ते आज सगळ्यांसमोर मानते. तुमचं नाव आणि तालुका मात्र लिहीत नाही. उद्या दुकानापुढे रांग लागली तर तुम्हीच मला ओरडाल.

आमच्या गावाचा सामूहिक वनसंपत्तीचा दावा, म्हणजे गावाने राखलेलं जंगल वापरायचा आणि सांभाळायचा हक्क मागणारा दावा, तेव्हा जवळपास तयार होता. हद्द पायी फिरून झाली होती, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून झाले होते. माझ्या आजीने कोणत्या नाल्यापासून कोणत्या मोहापर्यंत आपलं जंगल, हे एकेका झाडाची ओळख देत सांगितलं होतं. अडलं होतं निस्तार पत्रकावर (लाकूड, चराई अशा गावाच्या वहिवाटी हक्कांची जुनी सरकारी नोंद) आणि नकाशावर. त्यासाठी चार खेपा घातल्या. एकदा साहेब दौऱ्यावर, एकदा कागदांचा बस्ता सापडत नाही, एकदा ‘रेकॉर्ड असं कोणालाही देता येत नाही’. चौथ्यांदा सांगितलं, ‘माहितीच्या अधिकारात टाका.’ म्हणजे दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं आणि तीस दिवस वाट बघायची.

तोच अर्ज मी तुमच्याकडे झेरॉक्सला दिला आणि तुम्ही तो वाचलात. गिऱ्हाइकांचे कागद वाचायची तुमची खोड चांगली नाही, काका, पण त्या दिवशी ती कामी आली. काउंटरखालून तुम्ही स्पायरल बांधलेली प्रत काढलीत: २००६ चा वनहक्क कायदा आणि २००८ चे नियम, मराठीत. कडा काळ्या पडलेल्या, मधल्या पानांवर चहाचा गोल डाग. नियम १२, पोटनियम ४ खाली पेन्सिलीची रेघ होती. ग्रामसभेने किंवा वनहक्क समितीने लेखी मागणी केली, तर संबंधित प्राधिकाऱ्यांनी माहिती, अभिलेख, कागदपत्रं यांची अधिप्रमाणित, म्हणजे सही-शिक्क्याची, प्रत द्यायची. गरज पडली तर अधिकृत अधिकाऱ्यामार्फत ती समजावूनही द्यायची. ‘यथास्थिति’ या शब्दावर मी अडखळले. मला वाटलं, जैसे थे ठेवा म्हणतायत. तुम्ही हसलात आणि म्हणालात, ‘अगं, त्याचा अर्थ ग्रामसभा नाहीतर समिती, जे लागू असेल ते.’

मग तुम्ही नियम ६ उघडलात. वन आणि महसूल नकाशे, मतदार याद्या ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागीय समितीचंच काम आहे. आम्ही चार खेपा ज्यासाठी मारल्या, त्यातला नकाशा तरी त्यांनी आपणहून द्यायचा होता!

मला राग आला तो खरं तर याचा. कायदा लागू झाला ३१ डिसेंबर २००७ ला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, हे आमच्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा आम्हीही दिली आहे. पण नियमांचं पुस्तक आमच्या गावात कोणाकडेच नव्हतं. सरकारी संकेतस्थळावर असेल, पण आमच्याकडे रेंज शाळेच्या मागच्या टेकाडावर चढल्यावर येते. तिथे बसून मोबाइलवर राजपत्र कोण वाचणार?

आमच्याकडे होती ती एक जुनी पुस्तिका. तिच्यात ग्रामसभेची गणपूर्ती दोन-तृतीयांश लिहिलेली होती. ६ सप्टेंबर २०१२ ला नियम बदलले, आता निम्मे सदस्य पुरतात आणि हजर असलेल्यांत किमान एक-तृतीयांश बाया हव्यात, हे तुम्ही सांगितलंत. त्याआधी दोन-तृतीयांश भरेनात म्हणून आम्ही दोन सभा मोडल्या होत्या. तेंदूपत्त्याच्या दिवसांत मोडल्या होत्या, मजुरी पाडून.

अर्जही तुम्हीच लिहायला लावलात, रेघांच्या कागदावर, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडून. ‘दोन प्रती कर, एकीवर पोच घे. तारीख आणि शिक्का असल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस.’ मी उठले नाही. पाऊण तास बसले. शेवटी शिक्का पडला. अठराव्या दिवशी निस्तार पत्रकाची प्रत आणि नकाशा हातात आला. आजीचं सांगणं आणि नकाशातला नाला जुळले तेव्हा ती म्हणाली, ‘मग मी काय खोटं बोलत होते?’ बरोबरच आहे तिचं. नियम १३ मध्ये वडीलधाऱ्यांचा जबाब हाही पुरावाच आहे, हेसुद्धा तुमच्याच प्रतीत वाचलं होतं.

दावा आता जिल्हा समितीकडे आहे. तुमच्या प्रतीवरून काढलेली आमची प्रत अंगणवाडीत दोरीने बांधून ठेवली आहे. मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या दोघी येऊन नियम १२ उतरवून घेऊन गेल्या. पेन्सिलीच्या रेघा झेरॉक्समध्ये फिकट आल्या होत्या, त्या मी लाल पेनाने पुन्हा ओढल्या.

एक काम आहे. वनउपज बाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीने द्यायचा, तो नियम ज्या पानावर आहे ते पान पोरांनी फाडलं. बांबूचा हंगाम येतोय. बुधवारी बाजाराला येईन, तेवढं पान काढून ठेवा. आणि मागचे सुटे नव्हते म्हणून राहिलेले सोळा रुपयेही घ्या.

तुमची,
वनहक्क समितीची सचिव