चौतीस खुंट्यांना तेल

प्रति,
कस्टमर केअर विभाग

विषय : तुमच्या टेक्निशियनने हार्पच्या खुंट्यांना तेल मारलं त्याबद्दल, शिवाय चुकीची तार आणि वॉरंटी

नमस्कार,

ही माझी चौथी तक्रार. आधीच्या तीन तुमच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून केल्या होत्या, त्यात वाद्य निवडायला गिटार, युकुलेले, कीबोर्ड आणि 'इतर' एवढंच आहे, मी दरवेळी 'इतर' निवडते आणि दोन दिवसांनी 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे' असा मेसेज येतो. कोणी सोडवली, कुठे सोडवली, देव जाणे. म्हणून आता सविस्तर लिहितेय. लांब झालंय पण पूर्ण वाचा.

मागच्या दिवाळीत तुमच्याकडून ३४ तारांचा लिव्हर हार्प घेतला (उभं, बोटांनी छेडायचं तारांचं वाद्य, तारेचा सूर अर्धा चढवायला वर छोटी कळ असते तिला लिव्हर म्हणतात). पावणेतीन लाख, बारा हप्ते, अजून दोन बाकी आहेत. तुमच्या पेजवर तेव्हा 'मेंटेनन्स फ्री' असं लिहिलेलं होतं, स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे. मी काही भोळी नाही, आई गाते, घरात मिरजेच्या तानपुऱ्यांची जोडी आहे, तारेचं वाद्य मेंटेनन्स फ्री नसतं हे मला कळतं. रोज वीस मिनिटं लावण्यात जातात त्याबद्दल माझी तक्रार नाहीच. सगळे लिव्हर खाली करून ई फ्लॅटमध्ये म्हणजे आपल्या काळी दोनमध्ये लावायचा, लाल तार सी, काळी तार एफ, बाकीच्या त्यांच्यामधून मोजायच्या, हे सगळं मी स्वतः शिकले. एप्रिलमध्ये एसीच्या झोताखाली ठेवला आणि रात्री अडीचला एक तार फाडकन तुटली, सगळं घर उठून बसलं, ती चूक माझी, तिचे पैसे मी मागत नाहीये.

आता जूनपासूनचं ऐका. पुण्यात उन्हाळ्यात दुपारी माझ्या हायग्रोमीटरवर, म्हणजे हवेतली ओल मोजायच्या यंत्रावर, २० टक्के दिसत होतं आणि जुलैत ८५. हार्पच्या मधल्या तारा गटच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या असतात (आईला हे कळलं तेव्हा जरा शांतता पसरली होती, पण तबल्याला चामडं चालतं मग काय). गट हवेतली ओल ओढतं, लाकूडही ओढतं, सकाळी लावलेला सूर संध्याकाळी राहत नाही. आठ हजारांचा डीह्युमिडिफायर आणला, आता ५० ते ५५ च्या मध्ये ठेवतेय. तरी जुलैत तिसऱ्या सप्तकातली 'जी' (G) सुराची तार तुटली, मधल्या सी च्या वरची. तुमच्याकडे ऑर्डर दिली. इथे पहिला घोळ.

हार्पवर सप्तकं वरून मोजतात हो. सगळ्यात बारीक तारांकडून खाली. पहिलं सप्तक वरचं, मग दुसरं, तिसरं, मधला सी येतो चौथ्यात. तुमच्या गोडाऊनमधल्या माणसाने पियानोसारखं खालून मोजलं असणार, कारण पाकिटावर मार्करने '३ जी' लिहिलेलं आणि आत निघाली त्याच्या एक सप्तक खालची, बोटांनी चाचपली तरी जाड लागते. ती मी ओढून वरच्या जीला लावली असती तर एकतर तार गेली असती नाहीतर साउंडबोर्डवर, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी फळीवर, नको तेवढा ताण आला असता, आणि ३४ तारांचा मिळून त्या बोर्डवर आधीच काही शे किलोंचा ताण असतो. फोन केला तर तुमच्याकडची मुलगी म्हणाली मॅडम जी म्हणजे जीच ना. दोन आठवडे हार्पच्या मधोमध एक दात पडल्यासारखी जागा रिकामी. कुठलीही धून काढा, बोट नेमकं त्याच फटीत जातं.

ते राहू द्या, तार बदलून मिळेल. खरं दुःख पुढे आहे.

ओलीमुळे काही खुंट्या फिरवताना करकरायला लागल्या होत्या. पूर्ण बंद नाही, नुसत्या करकर. मी विचारलं काय करू, तुम्ही म्हणालात टेक्निशियन पाठवतो, व्हिजिट चार्ज ३५०० अधिक जीएसटी. बरं म्हटलं. शनिवारी एक मुलगा आला, सभ्य होता, चहाही घेतला नाही. हार्पकडे बघून म्हणाला, हे पहिल्यांदाच बघतोय, पण गिटार खूप केलीत. मी आत फोनवर बोलत होते. बाहेर येऊन बघते तर याने बॅगेतून स्प्रेचा डबा काढलेला, सायकलच्या चेनला, दाराच्या बिजागरीला मारतात तो, आणि एकेका खुंटीवर फुस्स फुस्स करत शेवटच्या खुंटीपर्यंत पोचलेला. 'आता बघा कशा स्मूथ फिरतात' म्हणाला.

फिरणारच ना! तेच तर व्हायला नको!

या हार्पच्या खुंट्या निमुळत्या आहेत, मानेच्या, म्हणजे वरच्या आडव्या भागाच्या, लाकडातून आरपार जातात, एका बाजूला तार गुंडाळलेली, दुसऱ्या बाजूला चौकोनी टोक, त्याला चावी बसते. त्यांना कुठे स्क्रू नाही की लॉक नाही. लाकूड आणि धातू एकमेकांना घट्ट धरून बसतात एवढंच, सैल वाटली तर चावी फिरवता फिरवता आत दाबायची. तो घर्षणाचा धरच तेलाने घालवला. पंधरा वर्षांचा कोणीही तानपुरा लावणारा पोरगा सांगेल की खुंटी सरकायला लागली तर तिला खडू लावतात. खडू! तेल नाही! आईने बाहेर येऊन वास घेतला आणि तिच्या तोंडून फक्त 'अगं बाई' एवढंच निघालं.

त्या रात्री जेवताना आम्ही हॉलमधून गुर्रर्र असा आवाज ऐकला. सगळ्यात खालचा सी, धातूची गुंडाळी असलेली जाड तार, स्वतःहून उलगडत होता. सकाळपर्यंत खालच्या पाच तारा लोंबत होत्या, मधल्या गटच्या तारा पाऊण-एक सूर उतरलेल्या. मी लावते, हात काढते, डोळ्यांदेखत ट्यूनरचा काटा डावीकडे सरकत जातो. आईने तिच्या तानपुऱ्याचा खडू दिला, मी सहा खुंट्या काढून स्पिरिटने पुसून खडू लावून परत बसवल्या, त्यातल्या चार धरतात, दोन नाही, कारण तेल भोकात लाकडाच्या आत मुरलंय. शिवाय स्प्रे गटच्या तारांवर उडालाय, तिथे डाग दिसतात.

यावर तुमचा मेल काय आला, तर 'साउंडबोर्ड फुगलेला आढळल्याने वॉरंटी लागू नाही, दमट हवेमुळे ग्राहकाकडून नुकसान'. त्या मुलाने जाता जाता फोटो काढला होता त्यावरून म्हणे. अहो, हार्पचा बोर्ड तारांच्या ओढीने वर येतोच, नवीन हार्पचा तर येतोच येतो, ते त्याचं चालणंच आहे. तडा गेला किंवा डिंक सुटला तर काळजी करायची, इथे दोन्ही नाही, मी टॉर्च घेऊन आतून बघितलंय. आणि बोर्डचा आणि तेलाचा संबंध काय? मी खुंट्यांबद्दल बोलतेय, तुम्ही बोर्ड दाखवताय. सांगून थकले.

तर मला काय हवंय ते स्पष्ट लिहिते. व्हिजिटचे ३५०० आणि त्यावरचा जीएसटी परत. हार्पचं काम खरंच येणारा माणूस, मग तो मुंबईहून आणा नाहीतर बाहेरून, त्याने सगळ्या ३४ खुंट्या काढून भोकं साफ करायची आणि जिथे धरत नाही तिथे एक साइज मोठी खुंटी घालायची, तुमच्या खर्चाने. डाग पडलेल्या गटच्या तारांचा सेट नवा. आणि तिसऱ्या सप्तकातली जी, वरून मोजून. गट असो की नायलॉन, नवीन तार बसायला निदान आठ-दहा दिवस घेते, दिवसातून चार वेळा ओढावी लागते, आणि १४ सप्टेंबरला मला सोसायटीच्या गणपतीत वाजवायचंय, भूप बसवलाय, त्यात म आणि नी नाहीत म्हणून निदान तेवढ्या तारांची चिंता कमी, पण बाकीच्यांचं काय.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकणार आहे आणि पुढे ग्राहक आयोगातही जाईन, स्क्रीनशॉट, बिल, पाकिटाचा फोटो आणि त्या गुर्रर्रचा व्हिडिओ सगळं जपून ठेवलंय. फोन केलात तर संध्याकाळी सहानंतर करा. आणि हे तिकीट कृपा करून 'सोडवण्यात आले' करू नका.

तुमची ग्राहक,
कोथरूड, पुणे

ता. क. तुमच्या माणसाचा तेलाचा डबा आमच्याकडेच राहिलाय. आईने गॅलरीच्या दाराच्या कडीला मारला, छान चालतो. हवा असेल तर कुरियरने पाठवते, पैसे तुम्ही तिकडे भरा.