काका, आईच्या हातात घड्याळ दिलंत त्याबद्दल

आदरणीय काका,

नाव कुठे घालू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. पण आभार चारचौघांत मानणार. फोनवर मी तोंड उघडलं की तुम्ही "ते राहू दे, सकाळचा पीएच सांग" म्हणून विषय मोडता. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

बाबांची समुद्री माशांची टाकी २०० लिटरची. नाशिकसारख्या ठिकाणी, समुद्र शंभर किलोमीटरांहून लांब असताना, आरओच्या पाण्यात मीठ कालवून त्यांनी तो समुद्र वर्षानुवर्षं जपला. दगडी प्रवाळ त्यांनी कधी ठेवले नाहीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे त्यांना संरक्षण आहे, आणि नियम म्हणजे नियम असा त्यांचा स्वभाव. झोअँथिड, मश्रूम, एक मोठं लेदर असे मऊ प्रवाळ, क्लाउनफिशची जोडी आणि दगडांवर चढलेलं गुलाबी-जांभळं कोरलाइन शेवाळ, एवढाच संसार. बाबा गेले आणि त्यानंतरच्या थंडीत ते गुलाबी डाग कडेने पांढरे पडायला लागले. लेदर मिटलं ते उघडेच ना. आई रोज टाकीसमोर बसायची. एक दिवस म्हणाली, "हेही जाणार बहुतेक." तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

तुमच्या आधी जे गृहस्थ येत होते त्यांच्याबद्दल थोडं लिहिणार आहे. दर वेळी नवी बाटली. पाणी तपासायच्या आधीच बिल तयार. एकदा तर त्यांनी कॅल्शियमची आणि अल्कलिनिटीची (म्हणजे पीएच सावरून धरणाऱ्या कार्बोनेटची) अशा दोन्ही बाटल्या एकाच कोपऱ्यात एकामागोमाग ओतल्या आणि बघता बघता सगळं पाणी ताकासारखं पांढरं झालं. जे पाण्यात राहायला हवं होतं ते चुन्याचा गाळ होऊन तळाशी बसलं. आईने विचारलं, असं का झालं? उत्तर काय मिळालं, तर "आजी, तुम्हाला नाही कळायचं ते. विकून टाका, गिऱ्हाईक मी आणतो." जिने नवऱ्याबरोबर इतकी वर्षं त्या टाकीचं पाणी भरलं, तिला हे ऐकावं लागलं. मला त्याचा राग आहे आणि तो जाणार नाही.

आणि मग तुम्ही आलात. सिडकोहून, त्या कडाक्याच्या थंडीत, मफलर गुंडाळून, रिक्षाने. बाटली नाही, पिशवी नाही. खुर्ची मागितलीत आणि किती तरी वेळ नुसते टाकीकडे बघत बसलात. मग चाचणी केलीत. नळीतलं निळं पाणी पाचव्या थेंबाला पिवळं झालं, म्हणजे थेंबाला एक या हिशेबाने अल्कलिनिटी जेमतेम ५ डीकेएच. समुद्रात ती ७ च्या आसपास असते. पीएचही कमी, ७.७. तुम्ही मान वर करून खिडक्यांकडे पाहिलंत आणि विचारलंत, "वहिनी, या किती दिवस बंद आहेत?"

निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की आमच्याकडे खिडक्या लागतात त्या संक्रांतीपर्यंत. त्याचा टाकीशी काय संबंध, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंतही नाही, दाखवलंत. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस तुम्ही. पुढच्या खेपेला चुन्याची निवळी घेऊन आलात, काचेच्या पेल्यात ओतलीत, स्वच्छ, पाण्यासारखी. आईच्या हातात स्ट्रॉ देऊन म्हणालात, "ओढायचं नाही हं, हळूच फुंकायचं." आईने फुंकलं आणि पेला दुधाळ झाला. "हाच श्वास, वहिनी. बंद घरात तो कोंडतो आणि टाकीच्या पाण्यात उतरतो. म्हणून पीएच खाली. निवळी तोच खाते आणि कॅल्शियम देऊन जाते." शाळेत हा प्रयोग सगळ्यांनीच केलेला असतो. कार्बन डायऑक्साइड ओळखायचा, दोन गुण मिळवायचे आणि विसरायचं. त्याच निवळीवर माझ्या बाबांची टाकी तगेल हे मला कुणी तेव्हा सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

पानटपरीवरचा चुना चालेल का, असं मी विचारलं तर तुम्ही चक्क रागावलात. त्यात काय काय मिसळलेलं असेल त्याचा भरवसा नाही, प्रयोगशाळेच्या दर्जाचं शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच हवं. कसं कालवायचं, किती निवळू द्यायचं, वरची साय का घ्यायची नाही, हातमोजे का घालायचे, हे सगळं तुम्ही बाबांच्या वहीत स्वच्छ अक्षरात लिहून दिलंत. ते इथे पुन्हा लिहीत नाही.

मला लिहायचं आहे ते त्या रात्रीबद्दल. निवळी रात्री सोडायची, कारण टाकीचे दिवे मालवले की शेवाळाचं कार्बन डायऑक्साइड शोषायचं काम थांबतं आणि पीएच उतरत जातो. आणि थेंबाथेंबानेच सोडायची, कारण तिचा स्वतःचा पीएच १२ च्या वर, भसकन ओतली तर पुन्हा तोच गाळ. दुकानवाल्याने महागाचा डोझिंग पंप सांगितला होता. तुम्ही मेडिकलमधून सलाइनचा सेट आणलात. एक लिटर निवळी, दोन सेकंदांना एक थेंब, की रात्र निघते. मी मोबाइल काढला वेळ लावायला. तुम्ही मला हाताने थांबवलंत आणि आईकडे वळलात. "वहिनी, झोप लागत नाही म्हणालात ना? मग थेंब तुम्ही मोजायचे." मनगटावरचं जुनं एचएमटी, किल्लीचं, सेकंदकाट्याचं, काढून तिच्या तळहातावर ठेवलंत. गुडघे दुखत असूनही तिच्याशेजारी खाली बसलात आणि दोघांनी मिळून मोजलं. मिनिटाला तीस. जास्त झाले की नळीवरची चाकी जराशी खाली, कमी झाले की वर. तीनदा तिच्याकडून करून घेतलंत, तिला जमेपर्यंत उठला नाहीत. जाताना घड्याळ मागितलं नाहीत.

काका, बाबा गेल्यापासून सगळे आईशी जपून बोलत होते. बस, विश्रांती घे, आम्ही बघतो. मीही त्यातलीच. तिला काम कुणी दिलं नव्हतं. तुम्ही दिलंत, आणि तेही असं की ते तिच्यावाचून अडेल. त्या रात्रीपासून ती अकराला एकदा आणि पहाटे एकदा थेंब मोजते, वहीत बाबांच्या अक्षराखाली आपल्या अक्षरात आकडा लिहिते. मधल्या वेळात झोपते. हो, झोपते.

तुमच्यासारखी माणसं आपल्या गावात आहेत, हे मला माहीत नव्हतं. ज्ञान असलेली पुष्कळ भेटतात. पण समोरच्याला कळेल, त्याला जमेल, असा विश्वास ठेवून ते त्याच्या हातात देणारी फार थोडी. चांगुलपणाला वेळ लागतो, खाली बसावं लागतं, दुसऱ्याच्या वेगाने चालावं लागतं. पैसे घेतले नाहीत यासाठी लोक एखाद्याला मोठा म्हणतात. तुम्ही घेतले नाहीतच, पण माझ्या लेखी तो मोठेपणा नंतरचा. आईला "तुम्हाला कळेल" असं वागवलंत, तो पहिला.

आता हिशेब देते, कारण तुम्ही तोच विचारणार. अल्कलिनिटी ८ थेंबांवर स्थिर आहे, कॅल्शियम ४२० पीपीएम. दिवे लागायच्या आधीचा पीएच ८.१. दुपारी तासभर खिडकी उघडी असते. लेदर पूर्ण उघडलं आहे आणि मागच्या काचेवर मोहरीएवढे नवे गुलाबी ठिपके आलेत. आईनेच पहिल्यांदा पाहिले.

एक शंका आहे. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशीला टेकतो, टाकीतलं पाणी रोज जास्त उडेल आणि चुना तर गरम पाण्यात कमीच विरघळतो. मग निवळी एक लिटरवरून वाढवायची, की उरलेली भर साध्या आरओच्या पाण्याने करायची? आईचं म्हणणं थोडी वाढवावी, माझं म्हणणं आधी तुम्हाला विचारावं. एप्रिल लागायच्या आत एकदा येऊन बघून जा. जेवायलाच या. रिक्षाचे पैसे या वेळी मी देणार, त्यावर वाद घालायचा नाही.

तुमची,
टाकीवाल्यांची मुलगी
इंदिरानगर, नाशिक