बाबांनी विचारलेलं, एएफ प्रोग्राम कधी सुरू होणार

प्रिय आई आणि बाबा,

शि. सा. नमस्कार. मागच्या फोनवर बाबा विचारत होते की मशीन आलं तर मग तुमचा एएफ प्रोग्राम, म्हणजे हृदयाच्या अनियमित ठोक्यांच्या पेशंटचा, अडलाय कुठे, तेव्हा कॅथलॅबमधून (हृदयाच्या प्रोसिजर होतात त्या खोलीतून) बोलावणं आलं आणि बोलणं अर्धवट राहिलं म्हणून आता सविस्तर लिहिते. मशीन आलंय बाबा, पैसे मंजूर झाले की ते येतंच, खरं काम दुसरीकडेच आहे.

आईसाठी आधी थोडक्यात. एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, त्यात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरत राहतात, त्यामुळे नाडी वेडीवाकडी चालते, कुणाला धडधडतं, कुणाला दम लागतो आणि बऱ्याच जणांना तर काहीच जाणवत नाही. डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते तिच्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की लकवा, हा धोका साधारण 5 पट वाढतो. 1998 साली फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं की ही गडबड सुरू करणारे ठोके बहुतेक वेळा फुफ्फुसातून रक्त आणणाऱ्या शिरांमधून उठतात, म्हणून अ‍ॅब्लेशन नावाच्या उपचारात आम्ही त्या शिरांचा हृदयाशी असलेला विजेचा संबंध तोडतो. आमचं नवीन मशीन पल्स्ड फील्डचं आहे, त्यात उष्णतेऐवजी विजेचे अगदी क्षणिक झटके असतात आणि मागेच असलेल्या अन्ननलिकेला इजा व्हायची भीती बरीच कमी होते.

पण पेशंट त्या टेबलापर्यंत येतो कसा, ते बघा. माणूस रात्री इमर्जन्सीमध्ये येतो, ईसीजी निघतो, ठोके आटोक्यात आणतात, सकाळी घरी पाठवतात आणि कागदावर लिहितात कार्डिओलॉजिस्टला भेटा. ती भेट व्हायला कितीतरी आठवडे जातात, तोवर कोणी ब्लड थिनर, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, दिलेलं नसतं किंवा नुसती अ‍ॅस्पिरिन दिलेली असते, जी या आजारात लकव्यापासून फारसं वाचवत नाही हे आता पक्कं माहीत आहे तरी सवयीने दिली जाते. मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो, कारण लकवा झाल्यावर मग आमचं महागडं मशीन काय कामाचं? म्हणून आम्ही सुरुवात इमर्जन्सीपासून केली. वय, बीपी, डायबेटिस, हार्ट फेल्युअर, आधीचा लकवा, रक्तवाहिन्यांचा आजार यांवरून लकव्याच्या धोक्याचा स्कोअर तिथेच काढायचा, गरज असेल तर ब्लड थिनरची गोळी त्याच दिवशी सुरू आणि घरी जायच्या आधी आमच्या क्लिनिकची तारीख हातात. ऐकायला किती साधं वाटतं ना, पण इमर्जन्सीवाले, फार्मसी, अपॉइंटमेंटवाले आणि आम्ही या सगळ्यांना एका कागदावर आणायला जेवढ्या मीटिंगा लागल्या तेवढ्या मशीनलाही लागल्या नाहीत.

आणि क्लिनिक चालवणार नर्स. यावरून बरीच चर्चा झाली, काही सिनियर डॉक्टरांना ते पटत नव्हतं. नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टला नर्सने चालवलेल्या क्लिनिकची ट्रायल झाली होती, 2012 ला छापून आली, त्यात हृदयाच्या कारणाने अ‍ॅडमिट होणं किंवा मृत्यू हे नेहमीच्या पद्धतीत 20.8 टक्के आणि नर्सच्या क्लिनिकमध्ये 14.3 टक्के. पुढे तेच अनेक हॉस्पिटलांत करून बघितलं तर एकूण फरक तितका स्पष्ट दिसला नाही, पण जिथे टीम अनुभवी होती तिथे दिसला. मी मीटिंगमध्ये दोन्ही निकाल सांगितले, कारण मला त्यातून हेच दिसतं की नर्सला नुसतं खुर्चीत बसवून भागत नाही, तिला शिकवायला वेळ आणि पैसा द्यायला हवा, आणि आता तो मंजूर झालाय!

नर्स गोळ्या तपासते, बीपी बघते, झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं याची चौकशी करते, दारूबद्दल मोकळेपणाने विचारते, वजनाचं बोलते. वजनाचं तर फार महत्त्वाचं आहे, ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या अभ्यासात ज्यांनी 10 टक्के किंवा जास्त वजन उतरवून टिकवलं त्यांची लय सुरळीत राहायची शक्यता कितीतरी पटीने जास्त होती. हे न करता नुसतं अ‍ॅब्लेशन केलं की एएफ परत यायची शक्यता वाढते. मॅनेजमेंट मला महिन्याला किती अ‍ॅब्लेशन होणार एवढंच विचारतं, मी त्यांना पहिल्या पानावर किती जणांना वेळेत ब्लड थिनर मिळालं तो आकडा देणार आहे आणि अ‍ॅब्लेशनचा दुसऱ्या पानावर.

आता मोठ्या काकांचं. त्यांनाही एएफ आहे, त्यांना सांगा की ठोके नीट वाटतात म्हणून ब्लड थिनरची गोळी बंद करायची नाही, ती त्यांच्या लकव्याच्या स्कोअरसाठी आहे, ठोक्यांसाठी नाही, आणि उद्या अ‍ॅब्लेशन झालं तरी त्यांच्या वयात ती बहुतेक चालूच राहील. आई म्हणाली डोस अर्धा केलाय, तो कशावरून केला ते मला कळायला हवं. त्यांच्या त्याच गोळीचा, अ‍ॅपिक्सॅबॅनचा, डोस साधारणपणे वय 80 किंवा वर, वजन 60 किलो किंवा कमी आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) 1.5 किंवा वर, यातल्या 2 गोष्टी असल्या तरच कमी करतात, उगाच कमी केला तर संरक्षण कमी पडतं. तुम्ही स्वतः काही बदलू नका, त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा, पण बाबा, काकांचं आत्ताचं वजन, शेवटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मला या आठवड्यात पाठवाच.

तुमची,
मनू