हक आणि जिम यांच्या मैत्रीविषयी

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार.

मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ या कादंबरीतील गोरा मुलगा हक आणि पळून आलेला काळा गुलाम जिम यांच्याइतकी निर्मळ मैत्री साहित्यात दुसरी नाही, असे तू मागच्या पत्रात लिहिलेस. त्या निमित्ताने पुस्तक पुन्हा वाचले. मैत्री खरी आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु निर्मळपणे मैत्री करण्याची मुभा जिमला कधी होती का, हा प्रश्न मला सोडत नाही.

धुक्याचा प्रसंग घे. मिसिसिपीवर दाट धुक्यात हकची होडी आणि जिमचा तराफा यांची ताटातूट होते. जिम हाका मारून मारून थकतो, आणि परतलेला हक त्याला पटवून देतो की, हे सारे तुला पडलेले स्वप्न होते. तराफ्यावरचा पालापाचोळा आणि मोडलेले वल्हे पाहून जिमला थट्टा उमगते. जिवाला घोर लागलेल्या मित्राची अशी फजिती करणारी माणसे म्हणजे केरकचरा, एवढे सांगून तो तराफ्यावरच्या खोपटात निघून जातो. एका गुलामाची क्षमा मागण्यासाठी मनाची तयारी करायला हकला १५ मिनिटे लागतात. दारुड्या बापाचा मार खाल्लेला, घरदार नसलेला हा पोर, पण केवळ गोरा असल्यामुळे त्याला वाकणे इतके जड जाते, हे ट्वेनने फार प्रामाणिकपणे टिपले आहे.

पुढच्याच प्रकरणात जिमला पकडून देण्याच्या इराद्याने हक होडीत बसतो, आणि नेमक्या त्याच वेळी जिम त्याला ओरडून सांगतो की, तूच माझा एकमेव मित्र आहेस. हे प्रेम की सावधगिरी? बहुधा दोन्ही, आणि जिमलाही ती वेगळी करता आली नसती. ज्याचा जीव दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेला असतो, त्याच्या प्रेमाच्या शब्दांतही विनवणी मिसळते; शिवाय कथा हकच्या तोंडून येत असल्यामुळे, एकटा असताना जिम कसा असेल, हे आपल्याला कळतच नाही.

पर्सिव्हल एव्हरेटच्या ‘जेम्स’ (२०२४) या कादंबरीत हीच कथा जिम सांगतो. तेथे गुलाम आपापसांत सफाईदार इंग्रजी बोलतात आणि गोऱ्यांसमोर मुद्दाम अडाणी बोली वापरतात; जिम मुलांना तिचे धडेही देतो. बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा तुला आठवतच असेल. तेथे निवेदकाला मिळणारा जिव्हाळा त्याची जात उघड होताच मारहाणीत बदलतो, आणि तो मार खाणाराच आपल्याशी बोलत असतो.

ट्वेनच्या शेवटाविषयी मात्र मला तुझे मत हवे आहे. जिमला आधीच मुक्ती मिळाली आहे हे ठाऊक असूनही हकचा मित्र टॉम सॉयर सुटकेचा खेळ मांडून त्याचे हाल करतो, आणि अखेरीस ४० डॉलर त्याच्या हातावर ठेवतो. त्याआधी तराफ्यावर आलेल्या दोन ठगांपैकी एकाने जिमला विकले, तेही ४० डॉलरांनाच. दोन रकमांच्या या साम्यावर हक अवाक्षर काढत नाही, आणि जिमला तर आनंद होतो. तो आनंद तुला खरा वाटतो का, हे सविस्तर लिही.

तुझा मित्र