मॅट कोट मारायच्या आधी सोलापूरची हवा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की तुमच्या पेपरात मुलांच्या छंदांवर लेख येतात, चित्रकला, पोहणं, बुद्धिबळ सगळं असतं, पण प्लास्टिकची स्केल मॉडेल जोडणाऱ्या पोरांसाठी कधी चार ओळी येत नाहीत, म्हणून हे पत्र. ही पोरं महिनाभर जीव लावून विमान नाहीतर रणगाडा करतात आणि शेवटच्या मॅट क्लिअर कोटला, म्हणजे चकाकी घालवणाऱ्या पारदर्शक थराला, सगळं बिघडतं, मग किट माळ्यावर जातं ते कायमचंच.

माझ्या भाच्याचंच सांगतो. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला तो टीव्हीवर बघून त्यानं हट्टानं 1/72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढं, किट मागवलं, आणि दिवाळीच्या तोंडावर परतीच्या पावसाची भुरभुर चालू असताना संध्याकाळी गच्चीवर जाऊन मॅटचा स्प्रे कॅन मारला. सकाळी बघतो तर विमान पिठाच्या गिरणीतून आणल्यासारखं पांढरं. पोरगं रडलं हो. दुकानदारानं खराब माल दिला असंच त्याला वाटत होतं, पण माल चांगला होता.

मॅट व्हार्निशमध्ये सिलिकाची अगदी बारीक पूड असते, तिच्यामुळं उजेड विखुरतो आणि चकाकी मरते. ही पूड तळाला बसते, त्यामुळं आतली गोळी खडखडायला लागल्यावरसुद्धा चांगली दोन मिनिटं कॅन हलवायचा, भाच्यानं चार झटके दिले होते फक्त. त्यात हवा दमट असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी त्या थरात धरतं, म्हणून पांढरं पडतं. जाड थर दिला तरी तेच.

आणि आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये बरोबर उलटं होतं. 42-43 डिग्रीत गच्चीवर स्प्रे मारला तर थेंब मॉडेलवर पोचायच्या आधीच हवेत वाळतात आणि हात फिरवला की सँडपेपर. यंत्रमागाच्या भागात राहत असाल तर सुताची उडती धूळ वेगळीच, ओल्या कोटवर एक तंतू बसला की तो नखानं निघत नाही, म्हणून मी मारून झालं की लगेच वर बुटाचं खोकं पालथं घालतो. कोरडा दिवस, सकाळची वेळ, सावली, 20-25 सेंटिमीटर अंतर आणि पातळ थर, स्प्रे मॉडेलच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा. आधी त्याच रंगाच्या प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघा, गडद रंग मॅटखाली फिके दिसतात.

डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर-चिन्हांचे छाप, मात्र ग्लॉस म्हणजे चकचकीत कोटवरच लावायचे, खरबरीत मॅटवर लावले की खाली हवा अडकते आणि चंदेरी डाग दिसतात. बोअरच्या जड पाण्यात भिजवू नका, वाळल्यावर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात, फिल्टरचं घ्या. कॉकपिटची काच टेपनं झाका नाहीतर शेवटी बसवा. आणि सगळंच मॅट करायचं नसतं, उद्या कुणी आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेचं इंजिन केलं तर पुढचा काजळलेला स्मोकबॉक्स, म्हणजे धुराची पेटी, मॅट शोभेल पण बॉयलरला थोडी चमक हवीच.

आईवडिलांनाही सांगणं आहे, तोंडाला रुमाल बांधून वास थांबत नाही, कार्ट्रिजवाला, म्हणजे वास गाळणारी डबी लावलेला, मास्क लागतो. देवघरातल्या समईजवळ किंवा गॅसजवळ मारू देऊ नका आणि कॅन उन्हात ठेवू नका, 50 डिग्रीच्या वर तो फुटू शकतो. हे सगळं कॅनवर असतं पण इंग्रजी-जपानीत, मुंगीएवढ्या अक्षरात. तुमच्या बालपुरवणीत एकदा मराठीत छापाल का?

भाच्याचं मिग वाचलं बरं का. पांढऱ्यावर ग्लॉसचे दोन पातळ थर दिले, खरबरीतपणा भरून आला आणि खालचा हिरवा रंग परत दिसायला लागला, मग डिसेंबरात एका कोरड्या सकाळी त्यानं स्वतः परत मॅट मारला. शेपटीवरचा नंबर तेवढा जरा धूसर राहिलाय.

– एक वाचक, सोलापूर