चाचाजी, आधी पाणी बघायला शिकवलंत!

चाचाजी, सादर नमस्कार.

पत्र मराठीत लिहितेय. तुमचा नातू पुण्यात शिकतोय, तो वाचून दाखवेल. आणि चारचौघांसमोर लिहितेय, कारण आमच्याकडून हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या खोऱ्यात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी जाणारी मंडळी वाढली आहेत. तिथले वाटाडे म्हणून तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही कामी यावं.

मी मालवणची. गरी, पाग, रापण हे आमच्या घरातलेच शब्द. फ्लाय फिशिंगचं तंत्र मात्र निराळं. गरीला आमिष नाही, तिच्यावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. ती इतकी हलकी की दोरीच्या वजनावरच तिला लांब न्यावं लागतं. ही फेक शिकवणारे पुष्कळ भेटतात. नदी महिन्यागणिक बदलते, तिच्याबरोबर आपली रीतही बदलायची, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

मार्चमध्ये हंगाम उघडतो तेव्हा पाणी बर्फासारखं गार असतं. मासा सुस्त, तळाला चिकटून. पहाटे उठायची काहीच गरज नाही, ऊन वर येऊन पाण्याचा गारठा जरा कमी झाला की उतरायचं, असं तुम्ही म्हणालात. गुशैनी गावाच्या खालच्या अंगाला तुम्ही गुडघाभर पाण्यातून एक दगड उचलून माझ्यासमोर उलटा धरलात. त्याला वाळूचे कण चिकटवून केलेल्या बारीक नळ्या होत्या, प्रत्येकीत कॅडिस या पाणकिड्याची अळी. शेजारी तीन शेपट्यांचं चपटं पिल्लू, मेफ्लाय नावाच्या पाणमाशीचं, पोटाच्या दोन्ही बाजूंनी कल्ले हलवत होतं. “पहले पानी देखो, फिर पत्थर देखो, डिब्बा बाद में.” मग डबी उघडून त्याच रंगाची, त्याच मापाची जड निम्फ, म्हणजे अशा पिल्लासारखी बुडणारी खोटी माशी, काढलीत आणि ती तळाला घासत, प्रवाहाच्याच वेगानं वाहू द्यायला लावलीत. दोरी प्रवाहानं ओढली की माशी पळते आणि ट्राउटला लगेच संशय येतो. म्हणून दोरी उचलून परत वरच्या अंगाला टाकायची. हे तुम्ही किती वेळा दाखवलंत, आणि एकदाही आवाज चढवला नाहीत.

एप्रिलात दुपारी माश्या पाण्यावर फुटायला लागल्या की तरंगती ड्राय फ्लाय. तो आनंद वेगळाच, त्याबद्दल लिहायला बसले तर हे पत्र संपायचं नाही.

मे-जूनचा धडा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वर ऊन तापतं, बर्फ वितळतं आणि ते पाणी खाली पोचेपर्यंत दुपार उलटते. सकाळी नितळ असलेली नदी संध्याकाळी फुगून गढूळ होते. म्हणून त्या दिवसांत सकाळचे पहिले तास गाठायचे. पाणी चढलंच तर मधल्या धारेचा नाद सोडायचा, कारण मासाही तिथे ताकद घालवत नाही. तो काठाच्या दगडांआड येऊन थांबतो. तिथे जवळूनच, छोट्या फेकीनं, मोठी काळपट माशी टाकायची, गढूळ पाण्यात तीच उठून दिसते.

पावसाळ्यात तुम्ही मला पाण्यात उतरूच दिलं नाहीत. मी एवढ्या लांबून आले होते, तुमचा दिवसाचा रोजगार बुडत होता, तरी नाही. जुलै २०२३ मध्ये कुल्लूत जो पूर आला तो तुम्ही पाहिला आहे. त्यानंतर ओळखीचे डोह गाळानं भरले, नवे झाले, आणि तुम्ही या वयात काठाकाठानं पुन्हा फिरून ते शोधून काढलेत. आज आम्ही ज्या जागी उभे राहतो त्या जागा तुमच्या पायपिटीच्या आहेत. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच कळत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरचं पाणी उथळ आणि आरशासारखं. तेव्हा लांब लीडर (दोरीपुढचा निमुळता पारदर्शक धागा), त्याच्या टोकाला केसासारखी बारीक टिपेट, तांदळाच्या दाण्याएवढी माशी आणि आपली सावली पाण्याबाहेर. याच दिवसांत ब्राउन ट्राउट अंडी घालायच्या तयारीला लागतो. नर चिडके होतात, मोठ्या स्ट्रीमरवर, म्हणजे छोट्या माशासारख्या दिसणाऱ्या खोट्या आमिषावर, धावून येतात, मासा मिळणं सोपं होतं. तरी तुम्ही मला तिथून वळवलंत, आणि नदीच्या तळातला खडीचा स्वच्छ, उजळ पट्टा दाखवून म्हणालात की यावर पाय ठेवायचा नाही, मादी इथेच अंडी पुरते. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर हिमाचलात ट्राउटची बंदी असते ती यासाठीच. आमच्या किनाऱ्यावरही जून-जुलैत होड्या वर ओढलेल्या असतात, त्यामुळे मला हे समजावून सांगावं लागलं नाही. पण अधिकृत बंदीच्या आधीच हात आखडता घेणारा माणूस मी तुमच्यात पाहिला.

चाचाजी, मासा सोडताना हात आधी पाण्यात बुडवायचे, ही तुमची सवय आता माझ्या भाच्यालाही लागली आहे. मार्च उघडला की त्याला घेऊन येतेय. दोघांचा परवाना मत्स्य विभागाकडून काढून ठेवाल का? नातवाबरोबर आमसुलं पाठवली आहेत, चाचीजींना सांगा की डाळीत दोनच घालायची.

तुमची,
मालवणची बेटी